बेट की किनारा? : सीमाभागातील विद्यापीठाचा विचार

१

विद्यापीठाला स्थळ असते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ज्ञानाला सीमा नसतात असे म्हणण्याची आपली रीत आहे आणि एका अर्थाने ती खरीही आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम रत्नागिरीत एक आणि नागपुरात दुसरा असा असत नाही. परंतु ज्ञान देणारी आणि घेणारी माणसे कोठेतरी राहतात, कोणते तरी पीक काढतात, घरी एक भाषा बोलतात आणि बाजारात कदाचित दुसरी. विद्यापीठ या माणसांमध्ये उभे राहते. त्यांच्या जीवनातून ते काही उचलते की केवळ त्यांना पदव्या वाटते, यावर ते त्या प्रदेशाचे विद्यापीठ आहे की त्या प्रदेशात असलेले विद्यापीठ आहे, हे ठरते. या दोहोंतील अंतर वाटते त्याहून मोठे आहे.

बेटांवरील विद्यापीठांत हा संबंध विशेष स्पष्ट दिसतो. कारण तेथे परिसराची रेघ समुद्राने स्वतःच आखून ठेवलेली असते. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांचे उदाहरण घ्यावे. डेन्मार्कच्या राज्यात मोडणाऱ्या या अठरा बेटांवर सारी मिळून साठ हजारही वस्ती नाही. आपल्याकडील एखादा लहानसा तालुकादेखील याहून मोठा असतो. १९४८ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने फेरोई ही बेटांची मुख्य भाषा ठरली; आणि त्याच कायद्याने डॅनिश भाषाही नीट, काळजीपूर्वक शिकवली जावी असे बंधन घातले. १९६५ मध्ये तेथे विद्यापीठ निघाले, तेव्हा कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक असलेले ख्रिश्चन मात्रास हे भाषापंडित तेथील पद सोडून फेरोई भाषेचा विभाग उभारण्यासाठी मायभूमीस परतले. परंतु त्याच्या सुमारे चार दशके आधी, १९२७-२८ मध्ये, याच मात्रास यांनी एका सहकाऱ्याबरोबर फेरोई-डॅनिश कोश सिद्ध केला होता. आधी कोश, मग विद्यापीठ, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. मॉरिशसचे विद्यापीठही १९६५ मधलेच. रेद्वी या ठिकाणी आधीपासून शेतकी महाविद्यालय होते. ऊस हे त्या बेटाचे सर्वस्व असल्याने ते तसे असणे स्वाभाविकच होते. त्याच भूमीवर विद्यापीठ उभे राहिले आणि शेतकी ही त्याच्या आरंभीच्या शाखांपैकी एक झाली. एकोणिसाव्या शतकात त्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या तेथील महात्मा गांधी संस्थेत विद्यापीठाच्या सहकार्याने मराठीचे पदवीपर्यंतचे शिक्षण दिले जाते. मायभूमीपासून हजारो मैलांवर, शंभरांहून अधिक वर्षांच्या ताटातुटीनंतर, एका बेटावरील विद्यापीठाने आपल्या भाषेला आसन दिले, ही साधी गोष्ट नव्हे.

या दोन बेटांचे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी समाजाविषयी बोलतानाही आपण ‘बेट’ हाच शब्द वापरतो. ‘भाषिक बेट’ हा शब्दप्रयोग भाषणांत येतो, लेखांत येतो, आणि आता तो इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात तो तपासण्याचा आणि त्यातून त्या भागातील विद्यापीठाविषयी काय निष्पन्न होते हे पाहण्याचा विचार आहे.

२

बेट म्हणजे चहूंकडून पाण्याने वेढलेली जमीन. या व्याख्येने पाहिले तर बेळगावचा मराठी भाग बेट ठरत नाही. बेळगावहून पश्चिमेस निघाल्यास काही मैलांतच चंदगड तालुक्यातील शिनोळी लागते आणि महाराष्ट्र सुरू होतो. चंदगडच्या शेतकऱ्याची बोली आणि बेळगाव तालुक्यातील पश्चिमेकडच्या गावांची बोली यांत राज्याच्या सीमेपाशी कोठेही खंड पडत नाही. खानापूरच्या घाटमाथ्यावरून खाली उतरले की गोमंतक येतो. निपाणीहून कागल तर हाकेच्या अंतरावर. उलट दिशेने पाहिले तर कन्नड भाषाही राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. गडहिंग्लज, जत, अक्कलकोट येथे ती घरोघर बोलली जाते. म्हणजे येथे एका भाषेच्या समुद्रात दुसऱ्या भाषेचे बेट नाही. येथे दोन भाषांचा किनारा आहे. भरती-ओहोटीप्रमाणे ज्याची रेघ पुढे-मागे सरकते, जेथे वाळू कोणाची आणि पाणी कोणाचे हे निश्चित सांगता येत नाही, असा हा किनारा आहे.

त्या प्रदेशाचा इतिहासही हेच सांगतो. खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंबांची राजधानी होती. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. सौंदत्तीच्या रट्टांनी आपली राजधानी पुढे तेथे आणली, आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती हे जैन मंदिर तेराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. पुढे मराठ्यांचा अंमल आला, मग मुंबई इलाखा. राज्ये बदलली, परंतु बाजारात दोन्ही भाषा राहिल्या.

मग किनाऱ्याचे बेट कोणी केले? १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, हे उत्तर सर्वांस पाठ आहे, आणि राजकीय दृष्ट्या ते बरोबरही आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता ही रेघ त्याही आधी पडली होती, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या एका छत्राखाली पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाड येथील विद्यार्थी एकच परीक्षा देत होते. १९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठ झाले आणि कोल्हापूरसह मराठी जिल्हे त्याच्याकडे गेले. १९४९ मध्ये कर्नाटक विश्वविद्यालय स्थापन झाले, १९५० मध्ये ते मुंबईहून धारवाडला आले आणि मुंबई राज्यातील कन्नड जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्यांत बेळगाव होते. राज्य अजून एकच होते, जिल्हाधिकारी त्याच सरकारचा होता. परंतु बेळगावच्या मराठी विद्यार्थ्याचे विद्यापीठ मात्र आता कोल्हापूरच्या विद्यार्थ्याचे राहिले नव्हते. राज्याची सीमा आखली जाण्यापूर्वी सहा-सात वर्षे विद्यापीठाची सीमा आखली गेली होती. विद्यापीठे केवळ ज्ञान देत नाहीत, तर ती नकाशेही काढतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. कन्नड भाषकांना आपल्या भाषेच्या प्रदेशात आपले विद्यापीठ हवे होते, आणि ती मागणी सर्वथा न्याय्य होती. मुंबईच्या सावलीत कन्नडचा अभ्यास वाढणे कठीणच होते. प्रश्न एवढाच की, एकभाषी प्रदेशाची कल्पना समोर ठेवून उभारलेल्या विद्यापीठाने दुभाषी किनाऱ्याचे काय करावे? हा प्रश्न धारवाडपुढे होता, तो कोल्हापूरपुढे आहे, आणि आज बेळगावपुढे तर तो दाराशीच उभा आहे.

३

बेळगावात उच्च शिक्षणाची पाळेमुळे विद्यापीठाच्या कितीतरी आधी रुजली. १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था उभी केली. १९३३ मध्ये तिचे लिंगराज महाविद्यालय निघाले. १९४५ मध्ये राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाला सावंतवाडीच्या राणीसाहेबांचे नाव आहे आणि ते चालविणारी संस्था ‘दक्षिण कोकण’ हे नाव धारण करते. घाटावरच्या शहरातील संस्थेने कोकणचे नाव घ्यावे, यावरूनच बेळगाव हे त्या काळी घाट उतरून-चढून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे बंदर होते हे दिसून येते. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ याच महाविद्यालयात अध्यापन केले. इंदिरा संत यांचे आयुष्य बेळगावातच गेले. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी शिकविले आणि पुढे त्या प्राचार्य झाल्या. सीमाभागातील खेड्यापाड्यांत अक्षरे गिरवून घेणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्या अशा गुरूंच्या हाताखाली तयार झाल्या.

निपाणीची गोष्ट निराळी आणि अधिक मार्मिक आहे. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर धारवाड त्याच्या तिप्पट-चौपट दूर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली; इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरू. निपाणीचे देवचंद महाविद्यालय गावाला लागूनच, परंतु कागल तालुक्याच्या हद्दीत, अर्जुननगर येथे उभे आहे. आणि म्हणून ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीचा विद्यार्थी सकाळी घरून निघतो तेव्हा एका राज्यात असतो आणि तासाला बसतो तेव्हा दुसऱ्या राज्यात. सीमेची ही थट्टा नव्हे. किनाऱ्यावरील माणसांनी शोधून काढलेला तो व्यवहारी मार्ग आहे. नकाशाने जे तोडले ते पायवाटेने जोडून घेतले. मात्र ही पायवाट निपाणीला उपलब्ध होती. खानापूरच्या जंगलातील गावाला ती नव्हती.

बेळगावच्या बाजूने पुढचा टप्पा १९८२ चा. त्या वर्षी कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र बेळगावी आले. कित्तूरच्या राणी चन्नम्मेचे नाव धारण करणारे हे केंद्र पुढे शहराबाहेर, पुणे-बंगळूर महामार्गावरील भूतरामनहट्टीच्या माळावर स्थिरावले, आणि २०१० मध्ये त्याचेच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. स्थापनेच्या वेळी बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत होते. २०१४ पासून शहराचे शासकीय नाव ‘बेळगावी’ झाले आहे. विद्यापीठाच्या शिक्क्यावर तेच असते. या विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे. त्या भागातील मराठी तरुणाला एम्. ए. साठी आता धारवाडला किंवा कोल्हापूरला जावे लागत नाही. ही सोय लहान नाही, आणि ती कन्नड राज्याने, कन्नड वीरांगनेच्या नावाच्या विद्यापीठात केलेली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

४

परंतु विद्यापीठातील विभाग हा झाडाचा शेंडा असतो. शेंड्याकडे पाहून झाडाची प्रकृती कळत नाही. त्यासाठी मुळाकडे जावे लागते. मराठीचा पदव्युत्तर विभाग चालावयाचा तर मराठी घेऊन पदवीधर झालेले विद्यार्थी हवेत. ते यावयाचे बेळगावची राणी पार्वतीदेवी किंवा भाऊराव काकतकर महाविद्यालये, खानापूरचे मराठा मंडळाचे महाविद्यालय अशा ठिकाणांहून. या महाविद्यालयांत मराठी घेणारे विद्यार्थी यावयाचे मराठी माध्यमिक शाळांतून, आणि तेथे ते यावयाचे प्राथमिक शाळांतून. साखळीची एक कडी सैल झाली की तिचा परिणाम वरपर्यंत जातो. शाळेत पट घटला की वर्ग घटतो. वर्ग घटला की शिक्षकाची जागा रिकामी राहते. जागा रिकामी दिसली की पालक मुलाला दुसऱ्या शाळेत घालतो. आणि दहा वर्षांनी महाविद्यालयात मराठीच्या तासाला बाकडी मोकळी दिसू लागतात. मग विभागाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला आकडे दाखवून उत्तर देता येत नाही.

ही साखळी उलटही फिरते, हे आपण विसरतो. प्राथमिक शाळेतील शिक्षक आकाशातून पडत नाही. तो कोठेतरी शिकलेला असतो; त्याला शिकविणारा विद्यापीठात शिकलेला असतो. विद्यापीठातील विभाग दुबळा झाला की त्याची कमतरता वीस वर्षांनी खेड्यातील पहिलीच्या वर्गात जाणवते. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी असे राज्यांस सांगितले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद आला, म्हणजे ज्या वर्षी सीमा आखल्या त्याच वर्षी. परंतु तो अनुच्छेद प्राथमिक शाळेशी थांबतो. त्या शाळेला पुरेल असा शिक्षक निर्माण करणारी व्यवस्था मात्र प्राथमिक शाळेच्या बाहेर, महाविद्यालयात आणि विद्यापीठात असते. म्हणून जो समाज केवळ शाळेचा हक्क मागतो आणि विद्यापीठाकडे पाठ फिरवतो, तो विहीर मागतो पण झऱ्याची चौकशी करीत नाही.

सीमावादाचा निर्णय हा या लेखाचा विषय नव्हे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो निर्णय केव्हा आणि कसा होईल ते होवो. परंतु आज पहिलीत बसलेले मूल त्या निर्णयासाठी थांबू शकत नाही. त्याचे शालेय आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. न्यायालयाचे घड्याळ आणि मुलाचे घड्याळ ही दोन वेगवेगळी घड्याळे आहेत, आणि शिक्षकाला दुसऱ्या घड्याळाकडे पाहून चालावे लागते.

५

येथवर विद्यापीठाने परिसराला काय द्यावे हे पाहिले. परंतु लेखाच्या आरंभी मांडलेला प्रश्न उलटा होता : परिसर विद्यापीठाला काय देतो? याचे उत्तर सीमाभागात इतके समृद्ध आहे की, त्याची जाणीव झाल्यास मराठी विभागाकडे अल्पसंख्याकांसाठी ठेवलेली सवलत म्हणून पाहण्याची वृत्तीच नाहीशी होईल.

पहिली देणगी बोलीची. १९७१ मध्ये गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सांगली-मिरजेजवळील कुपवाड या गावी कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू बोलणाऱ्या लोकांच्या भाषेचे निरीक्षण केले होते. कित्येक शतके शेजारी राहून या भाषांचे शब्द वेगवेगळेच राहिले, परंतु वाक्यांची घडण मात्र एकमेकींच्या इतकी जवळ आली की, एका भाषेतील वाक्य शब्दामागून शब्द बदलत दुसऱ्या भाषेत नेता यावे. मराठीत नामाचे लिंग हे नेहमीच परक्यांना कोडे वाटते. नदी स्त्रीलिंगी का आणि ओढा पुल्लिंगी का, याला उत्तर नाही. कुपवाडच्या मराठीने हे कोडे कन्नडच्या रीतीने सोडविले : पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, बाकी सारे नपुंसकलिंगी. आपण ज्याला ‘अशुद्ध बोलणे’ म्हणून वर्गात लाल रेघ मारतो, ते जगाच्या भाषाशास्त्राने संपर्कातून भाषा कशी बदलते याचे नामांकित उदाहरण म्हणून स्वीकारले आहे. कुपवाडसारखी गावे चिकोडी, निपाणी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात थोडी नाहीत. ज्या विद्यापीठाच्या अंगणात ही गावे आहेत त्याला भाषाशास्त्राची प्रयोगशाळा बांधावी लागणार नाही. ती बांधून तयार आहे, फक्त दार उघडावयाचे आहे.

दुसरी देणगी माणसांची. चिकोडी तालुक्यातील सदलगे या गावी १९०६ मध्ये जन्मलेले आ. ने. उपाध्ये हे कन्नड घरातले. त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविली, प्राकृत ग्रंथांच्या संपादनाने जगभर कीर्ती मिळविली, शिवाजी विद्यापीठात अधिष्ठातापद भूषविले आणि अखेरीस म्हैसूर विद्यापीठात जैनविद्येचे अध्यापन केले. १९६७ मध्ये कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी हे कन्नडचे थोर संशोधक. धारवाडला शाळेत शिकविता-शिकविता त्यांनी ‘मऱ्हाटी संस्कृति : काही समस्या’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. द. रा. बेंद्रे हे कन्नडचे महाकवी. त्यांच्या घरची भाषा मराठी, आणि १९४४ ते १९५६ पर्यंत ते सोलापुरात कन्नड शिकवीत होते. ही माणसे अपवाद म्हणून सांगितली जातात. वस्तुतः ती किनाऱ्याची स्वाभाविक संतती होत. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलाला जे फुकट मिळते ते मिळविण्यासाठी इतर विद्वानांना अर्धे आयुष्य घालवावे लागते. असे विद्वान पुन्हा निर्माण व्हावयाचे असतील तर ते पुण्यात किंवा बंगळुरात होण्यापेक्षा बेळगावात होण्याचा संभव अधिक आहे. मात्र तेथील विद्यापीठाने दुभाषीपणाला उणीव न मानता अर्हता मानले पाहिजे.

तिसरी देणगी भूमीची. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे म्हणजे पावसाच्या पुस्तकाची पाने उलटणे होय. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते; तेथे धुवाधार पाऊस, दाट जंगल आणि भात. बेळगावपाशी लाल मातीचा मध्यम टापू. उत्तरेस निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेचे खोरे आणि तंबाखू. पूर्वेस अथणीकडे जावे तो आभाळ कोरडे होत जाते. या प्रत्येक पट्ट्यात शेतीची, नांगराची, पावसाच्या नक्षत्रांची, धान्याच्या मापांची शब्दसंपत्ती निराळी आहे, आणि त्यातील पुष्कळ शब्द दोन्ही भाषांच्या सामाईक मालकीचे आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, तेथे राबणाऱ्या बाया, घरोघर विडी वळणारे हात यांनी तर एक स्वतंत्र जग निर्माण केले. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, तेव्हा मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी एकाच महामार्गावर एकत्र बसले होते. तंबाखूच्या भावाला भाषा नव्हती. निपाणीचे कथाकार महादेव मोरे यांनी हे श्रमिकांचे जग मराठी कथेत आणले. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कथांतील शब्द समजून घेण्यासाठी उद्याच्या वाचकाला कोश लागेल. आणि तो कोश करावयाचा तर ते शब्द बोलणारी माणसे हयात असतानाच करावा लागेल.

चौथी देणगी समाजाच्या वाङ्मयप्रेमाची. बेळगावात १९१९ पासून ‘तरुण भारत’ निघत आहे. १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने तेथे भरली. याहूनही लक्षणीय म्हणजे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशा खेड्यांनी स्वतःची साहित्य संमेलने भरविण्याचा प्रघात पाडला. वर्गणी गोळा करून, ग्रंथदिंडी काढून, शेतकरी आणि कामगार श्रोते म्हणून बसतात, असे दृश्य महाराष्ट्रातही सर्वत्र आढळत नाही. ज्या विद्यापीठाला असा श्रोतृवर्ग लाभला आहे त्याच्या मराठी विभागाला चार भिंतींत कोंडून घेण्याचे कारण नाही.

६

येथे एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे, आणि तो आपणा महाराष्ट्रीयांना विचारावयाचा आहे. बेळगावच्या विद्यापीठाकडून जी अपेक्षा आपण करतो ती आपल्या विद्यापीठांकडून करतो काय? अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत येथे कन्नड बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तेथे कन्नड शाळा आहेत. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. ज्या शहरात बेंद्र्यांनी बारा वर्षे कन्नड शिकविली त्या शहराच्या विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या विद्यापीठात कन्नड भाषेला किती सन्मानाचे आसन आहे, हे आपण आस्थेने पाहिले पाहिजे. बेळगावच्या मराठीची कसोटी सोलापूरच्या कन्नडवर लागते. एका किनाऱ्यावर जे मागावयाचे ते दुसऱ्या किनाऱ्यावर द्यावयाची तयारी असेल तरच त्या मागणीला नैतिक बळ येते. फेरो बेटांच्या कायद्यात आपल्या भाषेच्या प्रतिष्ठेबरोबर दुसऱ्या भाषेच्या काळजीपूर्वक शिक्षणाचेही कलम आहे, ते यासाठीच पुनः आठवावयाचे.

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यालाही हेच सांगितले पाहिजे. कन्नड शिकणे म्हणजे मराठी सोडणे नव्हे. ज्या राज्यात तो राहतो त्याची भाषा चांगली आल्याने त्याची नोकरी, त्याचा व्यवहार सुकर होईल, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, श्रीविठ्ठलापासून जैन वाङ्मयापर्यंत मराठी संस्कृतीच्या अनेक कुलुपांच्या किल्ल्या कन्नडमध्ये आहेत. कन्नड येणारा मराठीचा अभ्यासक हा मराठीचा अधिक समर्थ अभ्यासक ठरतो. सक्तीने जी भाषा जड वाटते ती जिज्ञासेने हलकी होते. आणि जिज्ञासा उत्पन्न करणे हे तर विद्यापीठाचेच काम.

७

तात्पर्य काय? प्रादेशिक विद्यापीठाने आपल्या परिसराकडे बेट म्हणून पाहिले तर तो त्याला संरक्षणाचा किंवा उपेक्षेचा विषय वाटेल. कारण बेटावरील माणसाला एकतर सांभाळावे लागते, नाहीतर विसरावे लागते. त्याने किनारा म्हणून पाहिले तर तोच परिसर त्याला अभ्यासाचा विषय वाटेल. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. त्यातून कामाची दिशा ठरते.

ते काम फार खर्चाचेही नाही. मराठी आणि कन्नड या दोन विभागांनी मिळून सीमाभागातील व्यवसायांचा द्विभाषिक शब्दकोश हाती घ्यावा : भातशेती, तंबाखू, विणकाम, गवंडीकाम, स्वयंपाक. एम्. ए. च्या अभ्यासक्रमात भाषासंपर्क हा एक प्रश्नपत्रिकेचा विषय असावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या गावाच्या बोलीवर लहानसा प्रबंध लिहावा. कोल्हापूर आणि बेळगाव येथील विद्यापीठांनी परस्परांची ग्रंथालये परस्परांच्या संशोधकांना खुली करावीत. दोन्ही शहरे एकाच महामार्गावर आहेत. खेड्यातील संमेलनांना विद्यापीठातील अध्यापकांनी केवळ पाहुणे म्हणून न जाता वही घेऊन जावे. आणि शिक्षकांनी आपल्या वर्गात मुलांच्या तोंडून येणाऱ्या शब्दांची यादी करावी, लाल रेघ मारण्यापूर्वी. या शेवटच्या कामाला तर कोणाच्या मंजुरीचीही गरज नाही. येत्या सोमवारी ते सुरू करता येईल.

फेरो बेटांवर कोश आधी झाला आणि विद्यापीठ मागून आले. सीमाभागात विद्यापीठ आधी आले आहे. कोश व्हावयाचा आहे. शब्द सांगणारी वृद्ध माणसे निपाणीच्या वखारींत, खानापूरच्या वाड्यांवर, बेळगावच्या पश्चिमेकडील शिवारांत अजून आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचावयास समुद्र ओलांडावा लागत नाही. किनाऱ्यावरून चालत गेले तरी पुरे.